साडूभाऊंनी जोडलेलं स्टूल

साडूभाऊंना थोरल्या साडूचा नमस्कार. (खरं तर तो तुम्ही आधी करायचा, पण पत्र मी आधी लिहितोय, तेव्हा घ्या.)

मजकुराकडे वळण्याआधी एक नोंद. हे पत्र ज्या टेबलावर लिहितोय ते मी केलंय, त्यात एकही खिळा नाही. बसलोय ती खुर्ची माझी. समोरचं बावीस खणांचं कपाट माझं. एकेका खणात एकेका मापाचे स्क्रू, आणि कुठलाही खण करंगळीने ओढला तरी हूं की चूं न करता बाहेर येतो. घरातली चारही दारं, सासऱ्यांची काठी, हिची शिवणाची पेटी, आणि तुमच्या लेकीचा पाळणा, हे सगळं याच दोन हातांचं. (पाळणा तुम्ही आता दुकानात शोभेला ठेवलाय असं कळतं. कोणी केला हे तिथे कुठेही लिहिलेलं नाही, असंही कळतं.) यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. सहा महिन्यांचा वर्ग लावून शिकणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. तो इथेच व्यक्त करून पुढे जातो.

तुमची पाठ कशी आहे? दिवसभर गिऱ्हाइकांची रीघ असते, टेकायला सवड मिळत नाही, म्हणून पाठ धरते, असं मेहुणीने हिला फोनवर सांगितलं. दोनदा सांगितलं. काळजी घ्या. माझी पाठ ठणठणीत आहे.

आता मुद्दा. तुमच्या प्रस्तावाला मी आमच्या इमारतीतल्या शिंप्याच्या तोंडी ‘नाही’ कळवलं, पण निरोपात कारणं मावत नाहीत. ती नीट कळावीत म्हणून हे पत्र.

मला नोकरी मानवत नाही हे तुम्ही जाणताच. गोदामात मला माल मोजायला ठेवलं होतं. मी तिथल्या मांडण्या ओळंबा लावून सरळ केल्या. (माल तेवढे दोन दिवस रस्त्यावर होता.) छापखान्यात कागद कापायच्या यंत्राची पट्टी केसभर तिरकी होती, ती सरळ होईपर्यंत मी कोणाला कागद कापू दिला नाही. शेवटच्या कचेरीत साहेबांच्या टेबलाचा एक पाय आखूड. भर बैठकीत टेबल डुगडुगत होतं आणि नऊ माणसं काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बसली होती! मी खाली शिरलो, पाचर बसवली, वर आलो. टेबल जागचं हललं नाही, मला मात्र हलवलं. तेव्हापासून सासरी माझी ओळख ‘थोरले जावई, सध्या घरीच असतात’ अशी, आणि तुमची ‘धाकटे, विमा कचेरीत, चाकांची खुर्ची आहे.’

मग एके दिवशी तुम्ही राजीनामा देऊन आलात. रविवारी संध्याकाळपासूनच सोमवार दिसायला लागतो म्हणे. अहो, नोकरी न मानवणं ही या कुटुंबात माझी एकट्याची मक्तेदारी होती! सतरा वर्षं टोमणे खाऊन ती जपली होती. तुम्हाला मात्र सासूबाई म्हणाल्या, “बरं केलंत हो, जिवापेक्षा नोकरी मोठी का?” सतरा वर्षांत हे वाक्य त्यांना माझ्यासाठी सुचलं नव्हतं. शिवाय नोकरी सोडून काय करावं, तर लाकूडकाम! जगात इतके धंदे आहेत. मधमाश्या पाळता आल्या असत्या.

बरं, निघालं दुकान. दर्शनी काच, आत पिवळा दिवा, मोडक्या खुर्च्यांना चिठ्ठी बांधून रांगेत उभं करणं, आणि वस्तू चार दिवसांत परत. चार दिवसांत! माझ्याकडे निवृत्त शिक्षिकाबाईंची आरामखुर्ची अकरा महिने आहे. काम होत आलंय, फक्त डावा हात उजव्यापेक्षा किंचित जास्त गुळगुळीत लागतोय. उजवा घासला की डावा मागे पडतो. बाईंची तक्रार नाही. दर गुरुवारी त्या आमच्याकडे येतात, आपल्या खुर्चीत तासभर वाचत बसतात, चहा घेतात आणि जातात. परवा जाताना हिला म्हणाल्या, “यांना घाई करू नका हं, मला यायला कारण असतं.” हिने ते मला अशा आवाजात सांगितलं की मी त्यात कौतुक शोधणं सोडून दिलं.

चार दिवसांत होणारं काम कच्चंच असणार अशी माझी खात्री होती. पण तुमच्या दुकानात येऊन बघणं माझ्या मानाला शोभणारं नव्हतं. म्हणून मी माझंच एक स्टूल मोडून, खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या हाती, त्याचं म्हणून तुमच्याकडे पाठवायचं ठरवलं.

आता मोडायचं कसं? आपटून पाहिलं, मोडेना. (यात आश्चर्य नाही.) मग करवत घेतली. पण करवत हाती आली की हात आपोआप काटकोन तपासायच्या गुण्याकडे जातो. आधी पायावर चारही बाजूंनी पेन्सिलीने रेघ मारली. रेघेवर कापलं. कापल्यावर कडेला कुसळं राहिली, ती पाहवेनात, म्हणून दोन्ही तोंडांना पॉलिशपेपर मारला. शिंप्याला बजावलं, विचारलं तर सांग, जिन्यावरून पडून मोडलं.

शिंप्याने तसंच सांगितलं. त्यावर तुम्ही स्टूल उलटं करून पाहिलंत आणि म्हणालात, “पडताना गुण्या सोबत घेतला होता वाटतं. थोरले बरे आहेत ना?” मग म्हणे इतके हसलात की गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसावं लागलं. शिंपी हे सगळ्या बिऱ्हाडांना सांगत सुटलाय. मी त्याच्याकडे कपडे शिवून घेणं बंद केलंय.

चौथ्या दिवशी स्टूल परत आलं, आणि त्याच्यासोबत तुमच्या प्रस्तावाचा निरोप. निरोपाकडे नंतर येतो. आधी स्टूल.

साडूभाऊ, मी ते उजेडात धरलं. भिंग लावलं. चारही पायांवरून नख फिरवलं, मग डोळे मिटून बोटाचं टोक फिरवलं. ओलं फडकं मारून पाहिलं, कारण चिकटवायचा सरस असेल तिथे लाकूड पाणी पीत नाही. सांधा सापडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी केलेलं स्टूल, मी कापलेला पाय, आणि चारांतला कुठला ते मला सांगता येईना!

ही म्हणाली, “बसा ना त्याच्यावर. नीट आहे एवढं पुरे नाही का?” पुरे नाही. ती म्हणाली, “मग सांगा, कुठला पाय?” प्रश्न सरळ होता, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात तिच्या धाकट्या बहिणीचं दुकान दिसत होतं. मी ठामपणे एका पायावर बोट ठेवलं. आणि सिद्ध करायला तो तिच्यासमोर कापला.

तो पाय माझाच निघाला. अखंड, आतून बाहेरून, पहिल्यापासूनचा.

ही उठली. स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. (नळाच्या आवाजातही हसू ऐकू येतं.)

तेव्हा कारणं अशी: मी स्वतंत्र वृत्तीचा माणूस आहे, मला वरचा कोणी चालत नाही, वेळेचं बंधन सोसत नाही, आणि धाकट्या साडूच्या दुकानात थोरल्याने बसणं हे जगरहाटीला धरून नाही. नकार पक्का समजावा. मेहुणीला आणि लेकीला आशीर्वाद.

तुमचा थोरला साडू

ता. क. हे पत्र घेऊन येणाऱ्या शिंप्याच्या हातात स्टूल आहे. या खेपेला पडून मोडलं असं सांगायला मी त्याला सांगितलेलं नाही.

ता. क. २. जोडताना मी शेजारी उभा राहीन. बोलणार नाही. दिवस कळवा, शक्यतो गुरुवार नको.

ता. क. ३. शिंपी निरोपात तपशील गाळतो, म्हणून मी काय नाकारलं याची नोंद बरोबर असावी. दुकानामागची खोली, उत्तरेला खिडकी असलेली, किल्ली माझ्याकडे, यायची-जायची वेळ माझी मी ठरवायची, दुकानातून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू आधी माझ्या हाताखालून जायची, आणि मी ‘अजून नाही’ म्हटलं तर ती थांबायची, मग गिऱ्हाईक कितीही ओरडो. मी ‘नाही’ म्हणालो ते शिंपी रकमेपर्यंत पोचायच्या आधी. ती त्याने जिना उतरताना सांगितली. महिना चोवीस हजार.