कव्हराखालचं तिसरं मशीन

अण्णा, आईने तुमच्या टायपिंग क्लासची खोली रिकामी करायला काढली आहे आणि मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. या दोन गोष्टी आज एकाच खोलीत समोरासमोर आल्या, म्हणून लिहिते. तुम्हाला जाऊन दहाबारा वर्षं झाली. एवढ्या काळात राग निवतो, असं लोक सांगतात. माझा निवलेला नाही. नीट ठेवलेली वस्तू टिकते तसा टिकला आहे, आणि वस्तू नीट ठेवायला मला तुम्हीच शिकवलंत.

खोली आहे तशीच आहे. भिंतीवर बोटांचा तक्ता, कुठल्या बोटाने कुठलं बटण दाबायचं त्याचा, आणि आईने शिवलेल्या कापडी कव्हरांखाली कॉम्प्युटर. टाइपरायटर गेले तरी तुम्ही त्यांना शेवटपर्यंत मशीनच म्हणालात. संध्याकाळी क्लास बंद करताना तुम्ही एकेका मशीनसमोर बसायचात. अक्षरांचा आकार, आवाज, पडद्यावरचं चित्र, दिवसभरात मुलांनी जे जे बदललं असेल ते सगळं पूर्ववत करायचात. कीबोर्ड टेबलाच्या कडेशी समांतर. मग फडकं, मग कव्हर. "उद्या येणाऱ्याला कालचा माणूस दिसता कामा नये," असं म्हणायचात. मला तो नियम आवडायचा. माझ्यावर चालेपर्यंत आवडायचा.

मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होते. दुपारी क्लासला सुट्टी असे तेव्हा मी तिथे लढाईचा एक गेम खेळायचे. तुम्ही त्याला पत्त्यांच्या पंक्तीत बसवलंत, म्हणून आज सांगते तो काय होता. गाव वसवायचं, तट बांधायचा, सैन्य उभं करायचं, आणि समोरचाही त्याच क्षणी तेच करत असतो. कुणी कुणाची पाळी येईपर्यंत थांबत नाही. उजवा हात माउसवर अडकलेला, त्यामुळे सगळे हुकूम डाव्या हाताने द्यायचे. गेम बनवणाऱ्यांनी मात्र बटणं इंग्रजी शब्दांच्या पहिल्या अक्षरांवर ठेवली होती. ते लक्षात ठेवायला सोपं आणि हाताला अशक्य. फाटक बंद करायचं बटण 'लॉक'चं एल, म्हणजे कीबोर्डच्या पार पलीकडे. म्हणून मी प्रत्येक हुकुमाचं बटण बदललं. सगळे हुकूम डाव्या हाताखालच्या तीन ओळींत आणले. जो हुकूम वरचेवर लागतो तो बलवान बोटाखाली, जो चुकून दाबला तर घात होईल तो करंगळीच्याही पलीकडे. फाटक बंद करायला डी. हे ठरवायला मला कित्येक दुपारी लागल्या. मी स्वतः विचार करून उभी केलेली ती पहिली गोष्ट होती.

एकदा तुम्ही लवकर आलात. चारच्या बॅचच्या मुली मागे उभ्या.

"काय गो हे? पाच बोटांचं गाठोडं बांधलंस?"

"डाव्या हाताला सगळं जवळ पडतं, अण्णा."

"जवळ पडतं म्हणून देवघरात चूल मांडशील? बनवणाऱ्यांनी जागा दिल्येत, त्या शीक."

"बदलायची सोयही त्यांनीच दिली आहे."

"सोय आहे म्हणून करायलाच हवं काय?" मुली हसल्या. तुम्ही माझ्या खांद्यावरून हात घातलात आणि सगळं मूळ स्थितीवर आणणारं बटण दाबलंत. त्यानंतर रोज संध्याकाळी तुम्ही पुसायचात आणि रोज दुपारी मी पुन्हा मांडायचे. तुम्हाला ती शिस्त वाटत असेल. मला ते बोलणाऱ्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं वाटायचं.

मग इंजिनिअरिंग कॉलेजच्या महोत्सवात त्याच गेमची स्पर्धा ठरली आणि त्यांनी तुमची मशीनं दोन दिवसांसाठी नेली. मी नाव दिलं. तुम्ही आमटीत भात कालवत, माझ्याकडे न बघता म्हणालात, "जिंकलीस तर एक मशीन तुझं. त्याला मी हात लावणार नाही." आई साक्षीला होती. बक्षीस काय होतं ते मला आठवतही नाही. मला ते मशीन हवं होतं, ज्यावर काल बसलेली मी आजही दिसेन.

पहिल्या दिवशी मी उपांत्य फेरी जिंकले. समोर हर्णैचा एक मुलगा होता, तिसऱ्या मशीनवर. त्यानेही आपली बटणं बदलून घेतली होती. हरल्यावर माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "बोटं हायत का कुर्ल्या गो तुझी?" खेकड्यांशी तुलना झाली आणि मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी दारातला स्वयंसेवक म्हणाला, "तुझे बाबा सकाळी येऊन मशीनं पुसून गेले." मी हसले. बसण्याआधी काही तपासलं नाही. मांडणी माझी होती, मशीन माझ्या वडिलांचं होतं, काय तपासायचं?

पहिल्याच हुकुमाला कळलं, सगळी बटणं मूळ जागी गेली होती. मी हात वर केला. पंच म्हणाला, चालू खेळ थांबत नाही. अंतिम फेरीतल्या मुलाला मूळ बटणांचीच सवय होती, त्याला फरक पडला नाही. मी बघून बघून, हात ताणत खेळले आणि बराच वेळ तग धरला. मग तो तटाशी आला. घाईत हात विचारत नाही, त्याला ठाऊक असतं तिथे जातो. मी डी दाबलं. मूळ मांडणीत डी म्हणजे 'डिमॉलिश', पाडून टाका. माझं फाटक मीच पाडलं आणि त्याचं सैन्य चालत आत आलं. सगळी खोली हसली. तुम्ही मागे भिंतीशी उभे होतात. परत येताना स्कूटरवर एवढंच म्हणालात, "लोकांत बसायचं तर मूळ बटणं यायला हवीत." पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. तोवर आपण जेवण, वीजबिल आणि परीक्षा यांपलीकडे बोललो नाही.

आता मी सॉफ्टवेअरच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं हे ठरवण्याचंच काम करते. मूळ स्थितीवर आणायची सोय मलाही द्यावी लागते. माझी सोय आधी विचारते, आणि माणसाने जे मांडलं होतं त्याची प्रत बाजूला ठेवते. हे मी तुमच्यावरच्या रागातून केलं आहे आणि ते चांगलं काम आहे.

आज आई म्हणाली, "भंगारवाला उद्या येतोय. हे तिसरं पण देऊ ना गो? टेंपोतून आलं तेव्हापासून बंदच आहे."

"ते राहू दे."

"बंद पडलेलं काय करायचंय तुला?"

तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. ते स्पर्धेतून परत येताना हादरून बंद पडलं, म्हणून त्यावर तुमचा संध्याकाळचा हात पुन्हा फिरलाच नाही. अंतिम फेरीत ते वापरलं नव्हतं. त्या सकाळी तुम्ही सोडलंत तसंच ते आत आहे. हर्णैच्या मुलाची बटणंही मूळ जागी गेली असतील, तर तुम्ही नेहमीसारखे सगळं पुसत गेलात आणि मी कशासाठी खेळत होते ते तुमच्या ध्यानातही नव्हतं. त्याने बदललेली तशीच असतील, तर तुम्ही फक्त माझ्याच मशीनपाशी थांबून माझीच मांडणी पुसलीत. बंद मशीनची डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडून वाचायची केबल माझ्या बॅगेत नेहमीच असते. चहा निवायच्या आत उत्तर मिळेल.

आज कव्हर काढलं, पुसलं आणि परत घातलं. इतक्या वर्षांत मी परक्यांच्या बंद पडलेल्या मशीनांच्या डिस्का वाचून दिल्या, ही वाचली नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून लिहून टाकते. तुम्ही मुद्दामच केलं असावं, असं मला वाटत राहतं, कारण मुद्दाम केलं असेल तर निदान त्या सकाळी तुम्ही माझी मांडणी एकदा तरी नीट पाहिली होती.