पाठमोऱ्या बाईचे चित्र

मी, राधा सीताराम पाठारे, वय एकोणऐंशी, राहणार गिरगाव, बुद्धी शाबूत असताना आणि कोणीही कान न फुंकता हे मृत्युपत्र लिहीत आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही. चार ओळी झाल्या की उठून खिडकीशी जाते, परत येते. अक्षर त्यामुळे वाकडे आहे. त्यावरून कोर्टात वाद घालू नये.

एक. राहती खोली भाचा नील याला. त्याने ती विकून लोअर परळच्या टॉवरात खुशाल जावे. मला वाईट वाटेल, पण ते सांगायला मी नसेन.

दोन. पलंगाखालच्या ट्रंकेतली अमेरिकन मासिके नीलच्या मुलीला, रुचाला. शंभर वर्षांपूर्वीचा स्वस्त कागद आहे, जपून उलटावा. परग्रह, राक्षस, अदृश्य माणसे यांचा तिकडे तेव्हा बाजारच भरला होता. जहाजांच्या रद्दीतून ती रे रोडच्या गोदामात आली आणि तिथून आमचे प्रकाशक मनूशेठ यांच्या हाती लागली. तिकडची एक रीत शेठनी उचलली: मुखपृष्ठ आधी रंगवायचे, गोष्ट मागाहून चित्राला जुळवून लिहायची. चित्रे निकोलस काढायचा, गोष्टी मी लिहायचे. पुस्तकावर नाव मात्र 'कॅप्टन भालदार'. शेठ म्हणाले होते, "बाईच्या नावानं रॉकेट उडत नाय हो." सगळी उडवली मीच. शेठच्या वारसांना माझ्याकडून नमस्कारही नाही.

तीन. भिंतीवरचे चित्र. तांबडे वाळवंट, दोन चंद्र आणि पाठमोरी उभी एक बाई. निकोलसने हे आणून दिले आणि त्याच आठवड्यात शेठनी धंदा गुंडाळला. गोष्ट लिहायची राहिली. ती बाई काय बघते आहे, हे मला चाळीस वर्षांत सुचले नाही. परवा इस्पितळात मला बाहेर बसवून डॉक्टर नीलशी बोलले, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. मी गेले तर ती तशीच ताटकळत राहील, याची मला मरणाहून जास्त भीती वाटते. निकोलसला हजारदा विचारले. त्याचे एकच, "चित्र माझं, गोष्ट तुझी." हट्टी म्हातारा! चित्र त्यालाच परत द्यावे.

चार. लिहिण्याचे टेबल भंगारवाल्याला.

इथवर लिहून साक्षीसाठी निकोलस आणि त्याची बायको लिली यांना बोलावले. निकोलसने कागद वाचला, चष्मा पुसला. म्हणाला, "सही करतो. चित्र नको मला."

मी चिडलेच. "अरे, आता तरी सांग, काय बघतेय ती?"

"मला काय माहीत, राधा? तू लिहिलंस की कळेल, म्हणून तर थांबलोय ना."

इतकी वर्षे मी एकटीच अडकले आहे असे समजत होते. रडू आले, लिलीसमोरच.

पाच. सबब कलम तीन व चार रद्द. टेबल जागचे हलवू नये. चित्र त्याच्यासमोर टांगावे. खिळा नीलने आजच ठोकावा. माझ्यामागे चित्र गोष्टीसकट रुचाला द्यावे आणि गोष्टीवर नाव माझे छापावे. हे मृत्युपत्र अमलात आणण्याची कोणी घाई करू नये. मी सध्या कामात आहे.

सही: राधा सीताराम पाठारे

आमच्यादेखत सही केली:
१. निकोलस परेरा, चित्रकार
२. लिली परेरा

गिरगाव, मुंबई
९ नोव्हेंबर २०२५