मम्मी पयाले गयी

पप्पा,

मी आणि मम्मी संध्याकाळच्या एसटीनं जळगावला मामांकडे जातोय. तुम्ही ज्याला अठ्ठेचाळिसाव्या वर्षीचं खूळ म्हणता, ते उद्या सकाळी तिथल्या शर्यतीत दहा किलोमीटर पळणार आहे. मी बाटली धरणार, म्हणजे मीही खेळाडूच.

तुम्ही लपवलेले बूट सापडले. पिठाचा डबा मम्मी रोज उघडते, हे तुम्हाला अजून माहीत नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं. बूट झटकलेत. पोळ्या केलेल्या आहेत, त्यांचा बुटांशी संबंध नाही.

एक घोळ झालाय. मम्मी स्टँडकडे पुढे गेली, तेव्हा शेजारच्या भिकुअक्कांनी मला विचारलं, "माय कुठे शे रे?" मी म्हणालो, "पयाले गयी." त्यांनी ऐकलं, "पयी गयी." पळायला गेलेली मम्मी गल्लीत आता पळून गेलेली आहे. लोक सांत्वनाला येतील. दूध फ्रिजमध्ये आहे, चहा ठेवा.

सांगून कुणाला पटणार नाही. त्यापेक्षा पहाटेच्या पहिल्या गाडीनं या आणि फिनिश लाइनच्या पलीकडे उभे राहा. गल्लीला फोटो पाठवू. पळते खरी, पण नवऱ्याकडेच.

नवल