इराणात पोचलेला सोपान

नोककुंडी, ३ जानेवारी १९४३
मोठी माणसं रोजनिशी ठेवतात, म्हणून आजपासून. देहूरोडच्या डेपोत पेट्या उचलून कोण मोठं होतं? ती नोकरी सोडली. बलुचिस्तानात, रेल्वे संपते तितं आलो. इथून लॉऱ्या इराणात जातात. अलीकडं क्लीनर, पलीकडं ड्रायव्हर, पगार दुप्पट. फक्त हद्दीचा पास पायजे. आठवड्याचं काम.

संध्याकाळ. गावी भाज्याला आबांना कार्ड टाकलं: इराणात पोचलो, ड्रायव्हर झालो, रखमाजींना कळवा. त्यांच्या लीलाचं माझ्याशी लग्नाचं बोलणं अडलंय. पोरगं कुटं टिकत न्हाई, असं त्यांचं म्हणणं. कार्ड पोचेपर्यंत मी पोचलेलाच असणार. खोटं न्हाई, आगाऊ आहे.

११ जानेवारी
पासाच्या मुनशीला फोटो दिला. तळेगावचे अनंतराव इथं पार्सल हापिसात आहेत, त्यांचा कोट घालून काढलेला. मुनशीनं फोटो पाह्यला, मला पाह्यलं, म्हणाला, साहेबांना आत पाठव. सदऱ्यावर दुसरा काढला. अगदीच माझ्यासारखा आलाय.

२० जानेवारी
आता जन्माचा दाखला मागतो. म्हटलं, आई सांगते भाताची लावणी चालली होती तवा झालो. कोणत्या साली, म्हणाला. एवढं खोलात आई शिरत न्हाई. मग म्हणतो, गावच्या पाटलाचं लेखी आण, की हा तिथलाच रहिवासी. एवढंच ना. मारुती पाटलांनी मला नागडा खेळताना पाह्यलंय. लगेच पत्र टाकलं. इराणातून लिहितोय, हे घालायला विसरलो न्हाई.

५ फेब्रुवारी
दाखला न्हाई. विडी सोडली, ड्रायव्हरला शोभत न्हाई. फारसी सुरू केली. ‘सलाम’ झाला.

६ फेब्रुवारी
विडी ओढली. पाटलांमुळं.

२६ फेब्रुवारी
दाखला आला. झकास शिक्का. आतलं मोडीत, मला मोडी येत न्हाई. अनंतरावांना घेऊन मुनशीकडं पळालो. ते वाचून हिंदीत सांगू लागले: सोपान अंबाजी हा जन्मानं आमच्या गावचा, लय गुणी. मी मुनशीकडं ऐटीत पाह्यलं. पुढं: हल्ली तो इराणात राहून ड्रायव्हरकी करतो, सबब सध्या इथला रहिवासी न्हाई.
अनंतराव खाली बघायला लागले. मुनशी मला म्हणाला, इराणातून परत आलास तो पास दाखव. मी म्हटलं, गेलोच न्हाई. म्हणाला, मग पाटील खोटा का? पाटलांना खोटं कसं म्हणू?

२७ फेब्रुवारी
बिनपासाचा हद्द ओलांडून आलो का, याची चौकशी क्वेट्ट्याला गेली. तोवर हद्दीकडं फिरकायचं न्हाई, लॉऱ्या धुवायच्या. तरी नाव वरपर्यंत पोचलं, हे काय कमी न्हाई.

१८ मार्च
आबांचं पत्र. रखमाजी म्हणाले, पोरानं नाव काढलं, पण परमुलखात लेक द्यायची न्हाई. माळवलीला गाडीतनं उतरून सांजच्याला माहेरी येता आलं पायजे. लीला गेणूला दिली. गेणू देहूरोडच्या डेपोत पेट्या उचलतो. कुणी तरी सोडून गेल्यामुळं जागा रिकामी होती म्हणे.
खाली आईचा निरोप: इराणात खजूर स्वस्त असतो असं ऐकलंय, लग्नाला आपल्याकडनं एक पोतं पाठव.

संध्याकाळ. बाजारात चौकशी केली. खजूर इराणचाच आहे, कालच हद्दीपलीकडून आला. त्याला कुणी दाखला विचारला न्हाई.