दोन्ही बाह्या उजव्याच

छोटे,

मी फिरायला जातेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज भरभर चालायचं, रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, कानातलं मशीन काढून ठेवायचं नाही, मेंदू टिकायला याचीच मदत होते. नुसती शब्दकोडी सोडवून भागत नाही म्हणे. गोळी घेतलीय, मशीनही कानात आहे.

गिऱ्हाइकाचा निळा कोट मी कपाटामागे लपवलाय. ओरडू नकोस. जन्मभर शिवणकाम केलं आणि काल दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच कापल्या. वर शिवूनही टाकल्या!

अंधार पडायच्या आत आले नाही, तर बागेच्या फाटकाशी ये. पण लांबून 'ताई' म्हणून हाक मारू नकोस. आधी मी तुला ओळखते का, ते मला बघायचंय.