आधी रेषा, मग नमस्कार

मास्तर, काल मी पुन्हा नाही म्हणालो. संघ अजून मीच निवडतो, म्हणून आपल्या कबड्डी मंडळाचे नवे अध्यक्ष घरी आले होते. अकोल्याचे तीन तयार गडी पैसे देऊन आणू म्हणत होते. एकदा कप येऊ द्या, मग गावच्या पोरांचं बघू, हे तुमचंच जुनं बोलणं त्यांच्या तोंडी. मी चहा पाजला आणि वाटेला लावलं. जानेफळच्या संघात जानेफळचीच पोरं खेळतील, निदान मी आहे तोवर. तुम्ही असता तर डाफरला असता. खुशाल डाफरा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे भांडण मी सोडलेलं नाही.

खेळ तुम्हीच शिकवलात, ते मी कधी नाकारलं नाही. महाराष्ट्र नुकताच झाला होता. शाळा सुटली की तुम्ही गळ्यात शिट्टी अडकवून आमच्या खळ्यावर यायचात. मी शाळा सोडून औत हाकणारा, संघाचा कप्तान. त्या साली आपण लोणारला फायनलपर्यंत गेलो. शेवटची चढाई गाडीवानाच्या पोराची, आपला सगळ्यात चपळ गडी तो. लांब पाय टाकून त्याने समोरच्या मिशीवाल्याला शिवलं. आता फक्त मधली रेषा गाठायची, की कप आपला. आणि हा वाकला! मोठ्या माणसाला पाय लागला म्हणून नमस्कार करायला वाकला. तेवढ्यात सगळे त्याच्या अंगावर पडले. सबंध मैदान हसत होतं.

परतीच्या एस.टी.त तुमचा चेहरा मला आजही दिसतो. "काऊन वाकला बे?" तुम्ही विचारता. पोरगा खाली मान घालून म्हणतो, "पाय लागला ना मास्तर त्याले. मामाएवढा मानूस होता." तुम्ही कपाळावर हात मारता. मग माझ्याकडे वळून म्हणता, "पुढच्या साली खामगावचे तीन गडी आनतो. ह्या पोराईच्यानं कप येत नाई." गाडीत सगळे ऐकत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मंग खामगावचंच खळं आना," मी म्हणालो. "हे खळं आमी सारवतो. इथं आमचीच पोरं खेळतीन." तुमच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. गावात उतरलात आणि दुसऱ्याच दिवशी वेगळा संघ बांधायला लागलात.

तुम्ही मंडळाचं नाव नेलंत, बनियन नेले, खामगावचे गडी आणलेत. माझ्याकडे खळं राहिलं आणि पोरं राहिली. चपळाई त्यांच्यात होतीच, खोट होती ती वळणात. आणि ते वळण मोडायला मी तयार नव्हतो. मोठ्यांचा मान ठेवणारं पोरगं बिघडवून मला कप नको होता. म्हणून मी फक्त क्रम बदलला. आधी रेषा, मग नमस्कार. सरावाला समोर कोण उभं करायचं, तर त्यांचेच बाप, काका, मामा. गाडीवान तर भडकलाच. "लाथा खायाले बोलावलं का बे मले?" म्हणाला. पण उभा राहिला. त्याचं पोरगं त्याला पाय लावायचं, धावत रेषा शिवायचं आणि परत येऊन वाकायचं. बायका कुडाआडून पदर तोंडाला लावून हसत. सुगी संपेस्तोवर ते पोरांच्या अंगात भिनलं.

पुढच्या साली लोणारला पहिलाच सामना तुमच्याशी पडला. तुम्ही कडेला बाभळीखाली, तुमचे गडी बनियनात, आम्ही उघड्या अंगाने. गाडीवानाच्या पोराने तुमच्या खामगाववाल्या गड्याला, चांगला दांडगा बाप्या तो, पायाने शिवलं. पोरगं वळलं, झेपावलं, रेषा शिवली. मग उठून रेषेअलीकडच्या आपल्या अंगणातूनच त्या गड्याला वाकून हात जोडले. पुन्हा मैदान हसलं, पण ते हसणं वेगळं होतं. आणि मास्तर, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. स्वतःचाच गडी बाद झालाय हे विसरून वाजवल्यात. शेजारच्याने कोपर मारलं तेव्हा हात खाली घेतलेत.

सामना आम्ही हरलो. कप तुमच्या मंडळाने नेला. दोन सालांनी खामगावचे गडी दुसऱ्या गावाने जास्त देऊन पळवले, तेव्हा मंडळ पुन्हा आमच्याच खळ्यावर आलं. तुम्हीही आलात, शिट्टी घेऊन. त्या टाळ्यांबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

काल अध्यक्षांना मी ठणकावून सांगितलं, गावच्या पोरांसाठी अडून बसलोय. ते खरंच आहे. पण हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून तुम्हाला एवढं सांगतो. आजही एखादं पोरगं रेषा शिवून हात जोडतं, तेव्हा मी त्याच्याकडे बघत नाही. मी मैदानाच्या कडेला बघतो, तुम्ही टाळी वाजवताय का ते.