ऋजुताच्या मागची पाटी

१४ जानेवारी, बुधवार
ऋजुताचा फोटो आला, रीगाहून. चित्रा तिळगुळासोबत तोही वाटत सुटली — "आमची लेक. लॅटव्हियात मॅनेजमेंट शिकते." गाल भरलेत पोरीचे. मागे भिंतीवर पिवळी पाटी आहे. 'अमोन्जाक्स' की काय. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं!

१५ जानेवारी
पुतण्याला, सलिलला, पाटी पाठवली. तो म्हणाला, "काका, लॅटव्हियन आहे. अमोनिया. लॅब असेल."
असेल. पण मॅनेजमेंटला लॅब?

१७ जानेवारी
डोंबिवली एमआयडीसीत एकतीस वर्षं अमोनियाचा कॉम्प्रेसर सांभाळला मी. फोटो मोठा केला. पाटीखाली मांडीएवढा पाइप, त्यावर बर्फ. अमोनियावर चालणारं कोल्ड स्टोरेज आहे हे!
शिकता शिकता काम करतात पोरं. मान्य. मग लपवायचं कशाला?

१८ जानेवारी
तिच्या फोनच्या वेळा काढल्या. दर आठवड्याला बदलतात. फर्स्ट, सेकंड, नाइट — चक्क शिफ्ट! यात कॉलेज कुठे बसवते ती?
संध्याकाळी विचारलं, "अभ्यास काय म्हणतो?" "चाललंय, बाबा. आईला द्या ना."

२० जानेवारी
चित्राला सांगू? ती जेवण सोडेल. ऋजुताला विचारू? ती खोटं बोलेल आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल. माझंच काही चुकतंय का? डोकं चालत नाही. राग आहेच, पण भीती जास्त. फोटोत पोरगी वॉल्व्हला खेटून उभी आहे; गॅस सुटला तर जवळ मास्क नाही.

२१ जानेवारी
दोनदा बाजारात गेलो. दोन्ही वेळा कोथिंबीरच आणली.

२३ जानेवारी
मेसेज केला शेवटी. प्रश्न एकही नाही. "वास आला की काम टाकून बाहेर पडायचं. वाऱ्याला आडवं चालायचं. डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं पाणी मारायचं, चोळायचं नाही. मास्क हाताशी ठेव." पाठवला आणि फोन उपडा ठेवून बसलो. चित्रा म्हणाली, "बरं नाही का?" म्हटलं, ॲसिडिटी.

२४ जानेवारी
उत्तर आलं. "सप्टेंबरमध्ये नापास झाले, बाबा. कॉलेज सुटलं. तोंडाने सांगवेना. म्हणून मुद्दाम त्या पाटीपुढे उभी राहिले. आईला कळणार नाही, तुम्हाला लगेच कळेल म्हणून."
लगेच! दहा दिवस घेतले मी.